फोनमधली दिनदर्शिका आणि मुंबईची एकोणचाळीस मिनिटे

१/
मुंबईत बसून एखाद्याने संगणकाला आपला टाइम झोन सांगायचे ठरवले, तर अनेक प्रणालींत ‘आशिया’ या गटाखाली त्याला कोलकाता सापडते. मुंबई सापडत नाही. दिनदर्शिकेचे अ‍ॅप, कामांची यादी, बैठकीची आठवण, पहाटेचा गजर ही सगळी व्यवस्था शेवटी त्या एका नोंदीवर उभी असते. देशातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एकाची तिथे स्वतंत्र नोंद का नसावी? या प्रश्नाचे उत्तर गिरण्यांच्या मुंबईत आहे. त्या उत्तराच्या वाटेवर आणखी एक प्रश्न लागतो: वेळेचे नियोजन करताना माणूस नक्की कोणाच्या वेळेचे नियोजन करत असतो? हा धागा त्याविषयी.

२/
प्रथम एक गैरसमज दूर करू. घड्याळ आले आणि मग हिंदुस्थानात वेळेची शिस्त आली, हे वाक्य इंग्रजी अमदानीत पुष्कळ वेळा उच्चारले गेले आणि आजही उच्चारले जाते. प्रत्यक्षात अहोरात्रीचे आठ प्रहर, साठ घटिका, एका घटिकेची साठ पळे अशी काटेकोर विभागणी इथे शतकानुशतके वापरात होती. एक घटिका म्हणजे आजची २४ मिनिटे, एक पळ म्हणजे २४ सेकंद. तळाला सूक्ष्म छिद्र असलेले तांब्याचे वाडगे पाण्यावर सोडायचे. ते भरून बुडाले की एक घटिका संपली. ‘घटका भरली’ हा मराठी वाक्प्रचार त्या बुडणाऱ्या वाडग्यातून आला आणि ‘घड्याळ’ हा शब्दही त्याच कुळातला.

३/
हिंदुस्थानात आलेल्या बाबराने या व्यवस्थेचे वर्णन आपल्या आत्मचरित्रात केले आहे. मोठ्या शहरांत घटिकापात्रावर लक्ष ठेवणारे आणि काशाच्या जाड थाळीवर टोले देणारे घडियाली नेमलेले असत. बाबराला एक अडचण जाणवली. रात्री जाग आली तर टोल्यांवरून घटिका कळे, प्रहर कोणता चालू आहे ते कळत नसे. म्हणून घटिकेच्या टोल्यांनंतर प्रहराचेही टोले द्यावेत असा हुकूम त्याने दिला. वेळ दाखवणारे साधन आपल्या सोयीप्रमाणे बदलून घेण्याची इच्छा आणि ती पुरी करण्याची सत्ता, ही जोडी इतकी जुनी आहे.

४/
या कालगणनेची दोन वैशिष्ट्ये पुढच्या कथेसाठी ध्यानात ठेवावी लागतील. एक, ती स्थानिक होती: प्रत्येक गावाचा सूर्योदय त्या गावाचा, प्रत्येक गावाचे माध्यान्ह त्या गावाचे. दुसरे, तिच्यात सर्व तास सारखे नव्हते. पंचांगात काळाला गुण असतो: एखादी घटिका शुभ, एखादी वर्ज्य. फोनवरच्या दिनदर्शिकेत मंगळवारी सकाळचे दहा आणि शुक्रवारी दुपारचे तीन हे एकाच मापाचे दोन रिकामे चौकोन असतात. काळ असा सपाट आणि अदलाबदल करण्याजोगा होणे ही आपोआप घडलेली गोष्ट नव्हे. रेल्वे, तार आणि गिरणी यांनी ती घडवली.

५/
१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. रेल्वेचे जाळे पसरले तशी गावोगावच्या वेळांची अडचण वाढली, कारण गाडीचे वेळापत्रक एका वेळेत छापावे लागते. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, मद्रासची ५ तास २१ मिनिटे पुढे, तर कलकत्त्याची सुमारे ५ तास ५३ मिनिटे पुढे. मद्रासला वेधशाळा होती आणि तिची वेळ साधारण मधली होती. १८७० च्या सुमारास देशभरच्या रेल्वेसाठी मद्रास वेळ स्वीकारली गेली. मुंबईकराचा अनुभव असा की, घरच्या घड्याळात नऊ वाजलेले असताना स्टेशनावर साडेनऊ झालेले असत.

६/
१८८१ साली मुंबईचा गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन याने शहराच्या सरकारी व्यवहारातही मद्रास वेळ आणण्याचा प्रयत्न केला. शहराने ती मनापासून स्वीकारली नाही. तीनच वर्षे आधी, १८७८ मध्ये, प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून विद्यापीठाचा राजाबाई टॉवर पूर्ण झाला होता. त्यांच्या आईचे नाव त्याला दिलेले आहे. अशा मनोऱ्यावरचे घड्याळ कोणती वेळ दाखवते हे साऱ्या शहराला दिसते. म्हणून घड्याळ पुढे सरकवण्याचा प्रश्न नागरिकांच्या हक्काचा प्रश्न बनला. फर्ग्युसनचा बेत फसला आणि मुंबईची वेळ मुंबईत राहिली.

७/
हे झाले सुशिक्षितांचे भांडण. गिरणगावात वेळेचा अर्थ निराळा होता. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी उभारण्यास सुरुवात केली आणि पुढल्या तीन दशकांत परळ, भायखळा, लालबाग या परिसराचे रूपच पालटले. विजेचे दिवे येण्याआधी गिरणीचा दिवस सूर्याबरोबर उगवे आणि त्याच्याबरोबर मावळे. उन्हाळ्यात तो तासाभराहून अधिक लांबे. कामगाराच्या घरी घड्याळ नव्हते. त्याचा गजर म्हणजे गिरणीचा भोंगा, आणि भोंगा वाजवणारा हात मालकाचा.

८/
इंग्रज इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन यांनी १९६७ साली लिहिलेला काळ आणि कामाची शिस्त यांवरचा निबंध इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. काम संपेपर्यंत काम करणारा माणूस कारखान्यात येऊन घड्याळ संपेपर्यंत काम करू लागला, हे त्याचे सूत्र. काही ब्रिटिश कारखान्यांत घड्याळाचे काटे सकाळी पुढे आणि संध्याकाळी मागे सारले जात, कामगारांना स्वतःचे घड्याळ बाळगण्याची धास्ती वाटे, अशा साक्षी थॉम्प्सन देतात. त्यांचे एक निरीक्षण मोलाचे आहे. कामगारांच्या पहिल्या पिढीला वेळेचे महत्त्व मालकांनी शिकवले. दुसऱ्या पिढीने कामाचा दिवस लहान करण्यासाठी संघटना उभारल्या. तिसरीने जादा तासांचा जादा मोबदला मागितला. म्हणजे ज्या घड्याळाने त्यांना बांधले, तेच त्यांनी मोजमापाचे हत्यार केले.

९/
मुंबईत ही दुसरी पायरी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने ओळखली जाते. १८४८ साली ठाण्यात जन्मलेले लोखंडे महात्मा फुले यांचे सहकारी, सत्यशोधक आणि ‘दीनबंधू’ या पत्राचे संपादक. गिरणीत भांडारपाल म्हणून नोकरी केल्यामुळे तिथला दिवस त्यांनी आतून पाहिला होता. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांच्या पुढाकाराने मुंबईत कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले.

१०/
त्या निवेदनातल्या मागण्या आज वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा. या साऱ्या मागण्या वेळेच्या आहेत. पगार किती याच्या आधी पगार केव्हा, हा प्रश्न विचारलेला आहे. आज ज्याला वेळेचे व्यवस्थापन म्हणतात त्याचा हा मुंबईतला एक पहिला सार्वजनिक मसुदा म्हणता येईल. फरक इतकाच की तो एका माणसाने स्वतःसाठी आखलेला नाही. हजारोंनी मिळून तो दुसऱ्या पक्षापुढे ठेवला.

११/
उत्तर मिळायला सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तिच्यात दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टीची तरतूद झाली. फोनवरच्या दिनदर्शिकेत रविवारचा रकाना आज निराळ्या रंगात दिसतो. गिरणगावाच्या दृष्टीने त्या रंगामागे एक निश्चित तारीख आहे, आणि तिच्यामागे सहा वर्षांचे भांडण.

१२/
मग आले विजेचे दिवे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत वीज पोहोचली आणि सूर्यास्त ही मर्यादा नाहीशी झाली. मागणी तेजीत असताना दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला जाऊ लागला; १९०५ मध्ये त्यावरून शहरात तीव्र असंतोष होता. प्रौढ पुरुषांसाठी कापड गिरण्यांत बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा व्हायला १९११ साल उजाडले. इथे तंत्रज्ञानाच्या इतिहासातला एक नियम दिसतो, आणि तो पुढेही दिसेल: नव्या साधनाने वाचवलेला किंवा वाढवलेला वेळ कोणाच्या पदरात पडेल, हे ते साधन ठरवत नाही. ते बाहेर, माणसामाणसांत ठरते.

१३/
या तापलेल्या वातावरणात १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली: ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, मुंबईच्या वेळेच्या ३९ मिनिटे पुढे. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो. कामगाराच्या अंगणात उभे राहून तो पाहावा. नव्या घड्याळातले सकाळचे सहा म्हणजे जुन्या घड्याळातले पाच वाजून एकवीस मिनिटे. जानेवारीत मुंबईला सूर्य नव्या वेळेप्रमाणे सातनंतर उगवतो. भोंगा नव्या वेळेवर वाजू लागला तर काळोखातला एक मोठा तुकडा कामाच्या दिवसात येणार होता आणि झोपेतून जाणार होता.

१४/
त्या जानेवारीत काही हजार गिरणी कामगारांनी माग चालवण्यास नकार दिला आणि गिरण्यांवर दगडफेक केली. शहरात पंधरा हजारांहून अधिक नागरिकांनी निषेधाच्या अर्जांवर सह्या केल्या. बंगालची फाळणी होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. स्वदेशीची हवा होती. घड्याळ पुढे करण्याचा आदेशही लोकांना त्याच सत्तेचा आणखी एक हुकूम वाटला. १८८१ मध्ये हा वाद मुख्यतः पुढाऱ्यांचा आणि संस्थांचा होता. १९०६ मध्ये भोंग्याने उठणारा माणूस त्यात उतरला.

१५/
प्रमाणवेळ अखेर सर्वत्र झाली, पण मुंबई सहज वाकली नाही. रेल्वे आणि तार नव्या वेळेवर, तर शहराचा काही व्यवहार ‘मुंबई टाइम’वर, अशी दुहेरी व्यवस्था पुढे अनेक दशके चालली. कलकत्त्यानेही आपली वेळ १९४८ पर्यंत धरून ठेवली. दुसऱ्या महायुद्धात तर साऱ्या देशाची घड्याळे आणखी एक तास पुढे गेली आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये परत आली. मुंबईची वेळ १९५५ पर्यंत टिकली. प्रजासत्ताकाची पाच वर्षे उलटून गेल्यावर ती ३९ मिनिटे शांतपणे संपली.

१६/
याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला वेळेची आणखी एक साधनपरंपरा वाढत होती. १८८८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावचा जवाहिरा विलार्ड बंडी याने कामगाराच्या येण्याजाण्याची वेळ कागदावर छापणारे घड्याळ तयार केले. हजेरीच्या या यंत्राची कंपनी पुढे दुसऱ्या कंपन्यांत विलीन होत गेली. १९११ मध्ये त्यातून एक मोठी संस्था झाली आणि १९२४ मध्ये तिचे नाव ठेवले गेले आयबीएम. संगणकयुगातल्या सर्वांत प्रभावी कंपन्यांपैकी एकीच्या वंशवृक्षाचे एक मूळ कारखान्याच्या दारावरच्या हजेरीघड्याळात आहे. १९११ हेच वर्ष फ्रेडरिक टेलरच्या शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथाचे. त्यात कामगाराच्या हालचाली स्टॉपवॉचने मोजण्याचा पुरस्कार होता.

१७/
स्वतःचा वेळ स्वतः आखण्याची परंपरा निराळी, आणि ती मुख्यतः व्यापारी व व्यावसायिक वर्गाची. लंडनच्या जॉन लेट्सने १८१२ मध्ये तारखा छापलेली डायरी विक्रीस आणली. १९४७ च्या सुमारास अमेरिकेत मॉरिस पर्किन्स या वकिलाने वकिलांसाठी दिवसाचे तास आखलेले नियोजनपत्र तयार केले, कारण त्यांचे शुल्क तासांवर ठरे. ‘डे-टायमर’ या नावाने ते पुढे घराघरांत पोहोचले. दोन वाटा होत्या: एकीत मालक कामगाराचा वेळ मोजतो, दुसरीत व्यावसायिक आपला वेळ मोजतो. अ‍ॅपमध्ये या दोन्ही वाटा एकत्र आल्या, हा या धाग्याचा मुख्य मुद्दा.

१८/
महाराष्ट्रातल्या घराने मात्र तिसरी वाट काढली. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ सुरू केले. तिथी, सण, उपवास आणि इंग्रजी तारीख एकाच चौकोनात बसली. पंचांगातला गुणयुक्त काळ आणि कचेरीतला सपाट काळ यांची ती भिंतीवरची तडजोड होती. त्या चौकोनांत घरोघरी दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, मोलकरणीच्या सुट्ट्या, मुलांच्या परीक्षा लिहिल्या गेल्या. ही नोंद बहुधा घरातल्या स्त्रीच्या हातची असे, आणि सारे घर तिच्यावर चाले. वेळेच्या व्यवस्थापनाच्या इतिहासात तिला जागा मिळालेली नाही, कारण त्या कामाला कोणी व्यवस्थापन म्हटले नाही.

१९/
१९८४ मध्ये ब्रिटनमध्ये ‘सायन ऑर्गनायझर’ हे खिशातले यंत्र आले. त्यानंतरच्या दशकात आपल्याकडेही ‘डिजिटल डायरी’ हा प्रतिष्ठेचा ऐवज झाला: फोन नंबर, भेटी आणि एक बारीक गजर. १९९४ मध्ये आयबीएमचा ‘सायमन’ हा दिनदर्शिका असलेला मोबाइल फोन बाजारात आला. १९९६ मध्ये ‘पाम पायलट’ आला. त्याचा निर्माता जेफ हॉकिन्स यंत्र तयार होण्याआधी त्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात घेऊन फिरत असे आणि कोणी भेटीची वेळ विचारली की त्या ठोकळ्यावर लिहिल्याचा अभिनय करत असे. इथवर हे साधन डायरीच्या कुळातले होते. त्यात लिहिलेले मालकालाच दिसे.

२०/
खरा पालट नोव्हेंबर १९९८ मध्ये झाला आणि त्याचा गाजावाजा मुळीच झाला नाही. त्या महिन्यात ‘आयकॅलेंडर’ हे मानक प्रसिद्ध झाले. एका कंपनीच्या दिनदर्शिकेने दुसऱ्या कंपनीच्या दिनदर्शिकेशी कोणत्या भाषेत बोलावे, ते त्याने ठरवले. आजची बहुतेक दिनदर्शिका-अ‍ॅप्स ती भाषा जाणतात. तिच्यात माणसाच्या दिवसाचे मोजके प्रकार आहेत: घटना, करावयाचे काम, रोजची टिपणे, गजर आणि ‘मोकळा की व्यग्र’. निमंत्रणाला उत्तरही ठरलेले: स्वीकार, नकार, संदिग्ध, उत्तर दिलेच नाही तर ‘कृती बाकी’ अशी खूण.

२१/
‘मोकळा की व्यग्र’ ही नोंद इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे. डायरीतले कोरे पान लिहिणाऱ्याचे खासगी असे. कार्यालयाच्या सामायिक दिनदर्शिकेत कोरा चौकोन सहकाऱ्याला आणि वरिष्ठाला दिसतो, आणि त्याचा अर्थ ‘उपलब्ध’ असा घेतला जातो. विचार करत बसणे, वाचणे, डबा खाणे यांची नोंद केली नाही तर तो वेळ कोणीही मागू शकतो. म्हणून लोक आता दुपारच्या जेवणालाही दिनदर्शिकेत जागा अडवून ठेवतात. १८८४ च्या निवेदनात दुपारच्या अर्ध्या तासाची मागणी सर्वांसाठी एकदम होती. आज तो अर्धा तास प्रत्येक जण आपापल्या पडद्यावर एकटा राखतो आहे.

२२/
२००६ मध्ये गूगलची दिनदर्शिका आली, २००८ मध्ये अ‍ॅपलचे अ‍ॅप-दुकान उघडले, २००९ मध्ये आयफोनवर अ‍ॅप बंद असतानाही सूचना पोहोचवण्याची सोय झाली. या शेवटच्या सोयीने फोन भोंग्यासारखा झाला. पण एका भोंग्याऐवजी प्रत्येक अ‍ॅपचा भोंगा वेगळा. मग त्या गोंगाटातून लक्ष वाचवण्यासाठी पुन्हा अ‍ॅप्सच आली. त्यांतली पुष्कळशी फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याच्या १९८० च्या दशकातल्या युक्तीवर आधारलेली आहेत: टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून पंचवीस मिनिटे एकच काम. पंचवीस मिनिटे म्हणजे घटिकेहून फक्त एक मिनिट जास्त. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून ‘आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असा निष्कर्ष काढू नये. एका बैठकीत माणसाचे लक्ष किती टिकते, याचा अंदाज दोन काळांतल्या माणसांना सारखा आला असावा, एवढेच फार तर म्हणता येईल.

२३/
आता पहिल्या प्रश्नाकडे. जगभरच्या संगणकांना ‘कोणत्या ठिकाणी, कोणत्या दिवशी, किती वाजले’ हे सांगणारी एक सामायिक नोंदवही आहे. १९८० च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने ती सुरू केली. पॉल एगर्ट आणि इतर स्वयंसेवकांनी ती सांभाळली. २०११ मध्ये जुन्या वेळांच्या माहितीवर हक्क सांगत एका ज्योतिषविषयक कंपनीने ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर दावा ठोकला आणि नोंदवही काही काळ बंद पडली. इंटरनेटच्या नावांचे व्यवस्थापन करणाऱ्या संस्थेने ती आपल्या छत्राखाली घेतली. २०१२ मध्ये कंपनीने दावा मागे घेतला. साऱ्या जगाच्या बैठका आणि गजर ज्यावर चालतात तो पाया किती थोड्या माणसांच्या खांद्यावर होता, ते त्या प्रसंगाने दाखवले.

२४/
या नोंदवहीचा एक व्यावहारिक नियम आहे. १९७० नंतर ज्या प्रदेशातली घड्याळे एकमेकांशी जुळत आली, त्यांना एकच नोंद पुरते, आणि तिला एका मोठ्या शहराचे नाव मिळते. भारतासाठी ते शहर कलकत्ता. २००८ मध्ये त्याचे कोलकाता झाले. त्या नोंदीत कलकत्त्याची जुनी वेळ आहे, मद्रास वेळ आहे, युद्धकाळातला जादा तासही आहे. मुंबईची वेळ १९५५ मध्येच संपली. म्हणजे नियमाच्या पंधरा वर्षे आधी. म्हणून तिला स्वतंत्र जागा नाही. यात कोणाचा आकस नाही. पण ज्या वेळेसाठी गिरण्यांवर दगड पडले ती वेळ मोजण्याची सोय फोनमध्ये नाही, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवून ठेवावी. साधन सुटसुटीत करताना काय गाळायचे ते कोणीतरी ठरवतेच.

२५/
अ‍ॅपमध्ये दोन्ही वाटा एकत्र आल्या म्हणजे काय, हे शहराच्या रस्त्यावर स्पष्ट दिसते. घरपोच सामान पोहोचवणाऱ्या तरुणाच्या हातातला फोन हीच त्याची डायरी, तोच भोंगा आणि तेच हजेरीघड्याळ. ‘हवे तेव्हा काम करा’ असे त्याला सांगितलेले असते, पण कोणत्या तासाला किती मिळेल हे पडद्यापलीकडे ठरते. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी कायदा केला. कचेरीतल्या माणसाची तक्रार वेगळी, पण नातेवाईक शोभावी अशी: काम संपल्यावरही संदेश येत राहतात. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या आस्थापनांना या विषयावर कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करणे बंधनकारक झाले. भारतात बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये याच हक्कासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही.

२६/
फोन बनवणाऱ्यांनी यावर आपला उपाय दिला. २०१८ मध्ये अ‍ॅपल आणि गूगल या दोघांनीही पडद्यावर घालवलेले तास मोजून दाखवणारी सोय आणली. उपयोगाची सोय आहे. पण तिच्यामुळे दोष कोणाच्या पदरात पडतो ते पाहावे. दर आठवड्याला एक आकडा येतो आणि माणूस स्वतःला बेशिस्त ठरवतो. इंग्रजी अमदानीत ‘नेटिवांना वेळेची किंमत नाही’ ही तक्रार साहेब करत असे. आता ती तक्रार प्रत्येक जण स्वतःविरुद्ध करतो, तीही आकडेवारीसह.

२७/
याचा अर्थ अ‍ॅप्स टाकून द्यावीत असा नाही. परीक्षेचा अभ्यास आखणाऱ्या विद्यार्थ्याला कामांची यादी मदत करते, औषधाची वेळ विसरणाऱ्या आजोबांना गजर मदत करतो. घटिकापात्रही मदतच करत होते. इतिहास सांगतो ते इतकेच की वेळेचे प्रश्न दोन प्रकारचे असतात. ‘मी काय आधी करू?’ हा पहिला. त्याला वही, डायरी, अ‍ॅप यांतले काहीही उत्तर देऊ शकते. ‘माझ्या दिवसातले किती तास माझे?’ हा दुसरा. त्याला कोणत्याही साधनाने आजवर उत्तर दिलेले नाही. १८९० मध्ये ते महालक्ष्मीच्या मैदानावर जमलेल्यांनी मिळवले, १९११ मध्ये कायद्याने अंशतः दिले, १९०६ मध्ये ते हातून निसटले.

२८/
दुसरा प्रश्न पहिल्याच्या भाषेत विचारला की माणूस आणखी एक अ‍ॅप उतरवून घेतो, पंधरा दिवस निष्ठेने वापरतो आणि अपयश आले की स्वतःला बोल लावतो. लोखंडे यांच्यापुढे बसलेल्या कामगारांना असे कोणी सांगितले असते की, ‘तुमचा दिवस अपुरा पडतो कारण तुम्ही तो नीट आखत नाही’, तर ते हसले असते. दिवस अपुरा का पडतो हे त्यांना नेमके ठाऊक होते, आणि त्यांनी ते साडेपाच हजार सह्यांसह लिहून दिले. येत्या रविवारी दिनदर्शिका उघडाल तेव्हा त्या रकान्याकडे एकदा नीट पाहा. त्यात काहीही लिहिलेले नसेल तर उत्तम. तो कोरा राहावा यासाठीच तो मागितला गेला होता.

(धागा समाप्त)